कमरेला पिस्तूल आहे आणि पोलिसाने गाडी थांबवली: काय करायचं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ राहणाऱ्या एकाने ग्रीन कार्ड मिळाल्यावर टेक्सासचं लायसन्स टु कॅरी, म्हणजे अंगावर पिस्तूल बाळगायचा परवाना, काढलं, आता शर्टाखाली कमरेला पिस्तूल लावून रोज गाडीने ये-जा करतो. हायवेवर पोलिसाने थांबवलं तर आपणहून सांगायचं का, कुठल्या शब्दांत सांगायचं, आणि बायको-मुलं किंवा भारतातून आलेले आईवडील गाडीत असतील तर काय, असं त्याला विचारायचंय. मी इथे टेक्सासमध्ये याच लायसन्सचे क्लास घेतो, आणि जवळपास प्रत्येक बॅचला हे विचारलं जातं. आपल्या लोकांनी विचारलं की मी जरा जास्तच वेळ घेतो, कारण भारतातून आलेल्या माणसाच्या हाडात काही सवयी असतात ज्या एरवी चांगल्या असल्या तरी इथे नेमक्या उलट्या पडतात.

पहिली सवय म्हणजे गाडीतून उतरणं. पुण्यात मामाने हात केला की आपण गाडी कडेला घेतो, उतरतो, लायसन्स-आरसी-पीयूसी काढत काढत त्याच्याकडे चालत जातो आणि दोन शब्द नरमाईने बोलतो. तिकडे बसून राहणारा माणूस माजोरडा वाटतो. इथे दार उघडून पोलिसाच्या दिशेने चालायला लागलेला माणूस त्याला सरळ धोका वाटतो, आणि त्या माणसाच्या कमरेला खरंच पिस्तूल असेल तर पुढचं मी लिहायची गरज नाही. त्यामुळे तो उतरा म्हणेपर्यंत उतरायचं नाही, काहीही झालं तरी.

इंडिकेटर द्या, स्पीड कमी करा, शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, किंवा जवळच्या पार्किंगमध्ये जिथे त्यालाही नीट उभं राहता येईल अशा जागी थांबा, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा. पुढच्या दोन्ही काचा खाली घ्या, दोन्ही म्हणतोय कारण हायवेवर पोलीस बऱ्याचदा ट्रॅफिकच्या बाजूने न येता पॅसेंजरच्या बाजूने येतो, आणि मागच्या काचा काळ्या असतील तर त्याही घ्या. मग दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या अर्ध्या भागावर, बोटं उघडी, आणि आता काहीही करू नका. हे "काहीही करू नका" लोकांना सगळ्यात जड जातं. पोलीस स्वतःच्या गाडीत बसून तुमचा नंबर टाकत असतो तेव्हा आपल्याला वाटतं तोपर्यंत लायसन्स काढून ठेवू, इन्शुरन्स शोधू, त्याचा वेळ वाचेल. पण मागून त्याला काय दिसतं तर तुमचा एक खांदा खाली गेला, तुम्ही पुढे वाकलात, सीटखाली किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये काहीतरी केलंत. काढताय की लपवताय हे त्याला कळायला मार्ग नाही. ज्याच्याकडे गन नाही त्याचं यात फारसं बिघडत नाही, तुमचं बिघडू शकतं.

म्हणून अर्धी तयारी घरातून निघायच्या आधीची आहे. तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल तर पिस्तूल उजव्या कमरेवर, जरा मागच्या बाजूला असतं, आणि बहुतेक पुरुषांचं पाकीटही त्याच बाजूच्या मागच्या खिशात असतं. म्हणजे लायसन्स काढायला हात गेला की तो होल्स्टरवरूनच, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावरूनच जातो. पाकीट डाव्या खिशात टाका, किंवा गाडी चालवताना ड्रायव्हिंग लायसन्स आणि लायसन्स टु कॅरी ही दोन कार्डं सन व्हायझरच्या क्लिपला लावून ठेवा, सोबत इन्शुरन्सचं कार्ड. ग्लव्ह बॉक्समध्ये कागद आणि गन एकत्र तर कधीच ठेवू नका, लोक ठेवतात, मला कळत नाही का.

आणि सीटबेल्ट. भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, बेल्टचं बकल त्याच्या डाव्या कमरेशी येतं. इथे ड्रायव्हर डावीकडे, बकल उजव्या कमरेशी, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीपासून चार बोटांवर. पोलीस म्हणाला "स्टेप आउट ऑफ द कार" आणि तुम्ही सवयीने उजवा हात खाली नेलात तर बाहेरून ते गन काढण्यासारखंच दिसतं, दोन्हीची सुरुवात तीच आहे. वर उतरताना बेल्ट शर्टाला ओढतो, शर्ट वर सरकतो आणि मूठ उघडी पडते. हे क्लासमध्ये नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी सगळ्यांना म्हणतो की पिस्तूल तिजोरीत ठेवून, रिकामं होल्स्टर लावून घरच्या ड्राइव्हवेत बसा, बायकोला किंवा नवऱ्याला काचेशी उभं करा आणि डावा हात आडवा नेऊन बकल काढायची प्रॅक्टिस करा. मोबाईलवर शूट करून बघितलंत तर तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता सांगायचं का. टेक्सासचा नियम असा की लायसन्सधारकाच्या अंगावर किंवा हाताशी पिस्तूल असताना पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर ड्रायव्हिंग लायसन्ससोबत लायसन्स टु कॅरीही दाखवायचं. २००९ पासून हे न दाखवल्याबद्दल वेगळी शिक्षा उरलेली नाही, पण कर्तव्य कायद्यात आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, आणि दाखवायचा हा नियम लायसन्सधारकालाच लागू आहे, त्यामुळे काही जण म्हणतात की मग गप्प बसलेलं बरं. माझं मत वेगळं आहे. इथे तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स सिस्टीममध्ये टाकलं की तुमच्याकडे कॅरीचं लायसन्स आहे हे पोलिसाला तसंही दिसतं, मग स्क्रीनवरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून शांतपणे कळलेलं केव्हाही बरं.

शब्द मात्र नीट निवडा. "आय हॅव अ गन" हे वाक्य कधीही, कुठल्याही परिस्थितीत म्हणू नका. शेजारून ट्रक जात असतात, तुमचा उच्चार त्याला नवा असतो, त्याच्या कानात एकच शब्द पोचतो, आणि तसलंच वाक्य लुटारूही म्हणतो. सुरुवात लायसन्सने करा. तो आला, गुड इव्हनिंग झालं, त्याने लायसन्स मागितलं, की हात जिथे आहेत तिथेच ठेवून म्हणा: "ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टु कॅरी, अँड आय ॲम कॅरीइंग टुडे. माय हँड्स आर स्टेइंग राइट हिअर. हाउ वुड यू लाइक मी टु प्रोसीड?" हळू बोला, आपण मराठी माणसं इंग्रजी फार घाईत बोलतो. तो विचारेल कुठे आहे. तोंडाने सांगा, "राइट हिप, इन अ होल्स्टर." बोट दाखवू नका, मान वळवून कमरेकडे बघूही नका. मग तो जे सांगेल ते करायचं, आणि करायच्या आधी परत बोलून दाखवायचं, की माझं पाकीट डाव्या खिशात आहे, मी डाव्या हाताने काढतोय, चालेल का. त्याने हो म्हटल्यावरच हात हलवा. दोन वेगळ्या सूचना एकदम आल्या, म्हणजे एक म्हणतोय हात वर आणि दुसरा म्हणतोय लायसन्स दे, तर हलूच नका, कुठली पाळू ते विचारा.

याबाबतीत मी एवढा हट्टी का आहे त्याचं कारण फिलँडो कॅस्टिल. ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स, सेंट पॉलला लागूनच. बत्तीस वर्षांचा माणूस, शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारा, रीतसर परमिट असलेला. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. मिनेसोटात पोलिसाने विचारल्याशिवाय सांगायचं बंधन नाही, तरी त्याने आपणहून, "सर" म्हणून, सांगितलं की माझ्याकडे फायरआर्म आहे. पोलीस म्हणाला मग त्याला हात लावू नको. कॅस्टिल म्हणाला मी काढत नाहीये, आणि पुढच्या काही क्षणांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. त्याच पोलिसाने काही सेकंद आधी लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं होतं. मैत्रिणीने पुढचं सगळं फेसबुकवर लाइव्ह दाखवलं. जून २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

माझ्या मते चूक पोलिसाची होती आणि कॅस्टिल आज जिवंत असायला हवा होता. तो काळा होता, त्याला आधीही पुष्कळदा थांबवलं गेलं होतं, हे बाजूला ठेवून या घटनेबद्दल बोलताच येत नाही, आणि आपणही गोरे नाही. हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाहीये. पण त्या प्रकरणातून माझ्या शिकवण्यात एक गोष्ट कायमची बदलली. पूर्वी भर सांगण्यावर असायचा, आता मी म्हणतो की नुसतं सांगणं पुरेसं नाही, सांगितल्यानंतर त्याचा पुढचा हुकूम येईपर्यंत हात स्टिअरिंगवर चिकटवल्यासारखे हवेत, आधी मागितलेलं लायसन्ससुद्धा तेव्हा काढायचं नाही. तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी समोरचा घाबरट निघू शकतो, ते तुमच्या हातात नाही. जेवढं आहे तेवढं करायचं.

बहुतेक वेळा काय होतं तेही सांगतो, नाहीतर वाटेल प्रत्येक वेळी जीव टांगणीला लागतो. टेक्सासमधल्या पोलिसाला दिवसातून कितीतरी गनवाले भेटतात. तो म्हणतो, बरं, तुम्ही तुमच्याला हात लावू नका, मी माझ्याला लावत नाही, लायसन्स द्या. आणि पुढचं सगळं साध्या स्पीडिंगच्या टिकटासारखं होतं. टिकटावर सही करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, कोर्टात हजर राहीन एवढंच ते आश्वासन असतं, तेव्हा तिथे वाद न घालता सही करा.

कधीकधी तो पिस्तूल ताब्यात घेतो. स्वतःच्या, तुमच्या किंवा इतरांच्या सुरक्षेसाठी गरज आहे असं त्याला रास्तपणे वाटलं तर टेक्सासच्या कायद्याने त्याला तो अधिकार आहे, आणि तुम्हाला अटक होत नसेल, धोका वाटत नसेल, तर सोडण्याआधी परत द्यायचं बंधनही आहे. इथे मदतीला जाऊ नका. मी काढून देतो, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून देतो, असलं काही नको. गाडीच्या सीटवर अडचणीत बसून भरलेलं पिस्तूल हाताळणं हे घरीसुद्धा धोक्याचं, इथे तर विचारायलाच नको. त्याला उतरवू दे, त्याला काढू दे, जमलंच तर होल्स्टरसकट काढायला सांगा म्हणजे ट्रिगर झाकलेला राहतो. परत देताना तो बऱ्याचदा गन आणि मॅगझिन वेगळं करून, चेंबर रिकामं करून डिकीत किंवा मागच्या सीटवर ठेवतो. ठेवू द्या. त्याच्यासमोर पुन्हा लोड करत बसू नका, तो निघून जाऊ दे, मग पुढच्या एखाद्या शांत जागी बघा.

उतरायला सांगितलं तर उतरायचं, ते १९७७ पासून पक्कं आहे. पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कायदेशीररीत्या थांबवलेल्या ड्रायव्हरला पोलीस खाली उतरवू शकतो. त्या माणसाला मुदत संपलेल्या नंबर प्लेटसाठी थांबवलं होतं, उतरल्यावर जॅकेटखाली फुगवटा दिसला, झडती झाली आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. तेव्हा तुम्ही तोपर्यंत सांगितलं नसेल आणि तो उतरा म्हणाला, तर दाराला हात लावायच्या आधी सांगा. बकल होल्स्टरशेजारी आहे हेही सांगा. १९९७ पासून पॅसेंजरलाही उतरवता येतं.

पण उतरवणं वेगळं आणि गाडीची झडती वेगळी. लायसन्स आहे म्हणून झडतीला आपोआप परवानगी मिळत नाही. त्याने "माइंड इफ आय टेक अ लुक?" असं गोड आवाजात विचारलं तर ती विनंती असते, आणि आपल्याकडचा माणूस पोलिसाला नाही म्हणायला कचरतो. "ऑफिसर, आय डोन्ट कन्सेंट टु सर्चेस" हे आवाज न चढवता म्हणता येतं. तरीही तो झडती घ्यायला लागला तर आडवे येऊ नका, अंगाने विरोध नको, वाक्य एकदा बोललात की पुरे, पुढचं वकील कोर्टात बघेल. कुठून आलात, कुठे चाललात, घरी अजून गन्स आहेत का, यातल्या कशालाही खोटं उत्तर देऊ नका. उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगून गप्प बसा, खोटं बोललात तर तोच एक नवीन गुन्हा होऊ शकतो. आणि टिकटाचं काम आटपल्यावर, दुसरा काही संशय नसताना, अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा येईपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या रॉड्रिग्ज खटल्याच्या निकालात आलंय. "ॲम आय फ्री टु गो?" एवढंच विचारा.

दारूबद्दल माझा एकच नियम आहे: कमरेला पिस्तूल असेल तर घोटभरही नाही. टेक्सासमध्ये नशेत असण्याची व्याख्या रक्तातल्या अल्कोहोलच्या ०.०८ या आकड्यावर संपत नाही, मनाचा किंवा शरीराचा नेहमीसारखा ताबा राहिला नाही हेही पुरतं. दिवाळीच्या पार्टीला पिणार असाल तर गन घरी.

आता घरचे लोक. शेजारी बसलेल्याचे हात डॅशबोर्डवर किंवा मांडीवर, उघडे. बायकोने मदत म्हणून ग्लव्ह बॉक्स उघडायचा नाही. मागून मुलगा "पप्पांकडे गन आहे" असं ओरडायच्या आत तुमचं वाक्य झालेलं हवं, आणि मुलांना आधीच शिकवा की पोलीस थांबवतो तेव्हा सगळे गप्प बसतात. आजी-आजोबांचा प्रश्न वेगळा असतो. आईला वाटतं पोलिसाला हात जोडून सांगावं की मुलगा गरीब आहे, जाऊ द्या. त्यांना घरीच समजावून ठेवा, मराठीत गाडीत काही बोलू नका, त्याला कळत नाही आणि जे कळत नाही त्याची भीती वाटते.

आणि याच्याहून मोठी गोष्ट, जी आपल्या लोकांत सर्रास दुर्लक्षित होते. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, बी-टू, असल्या नॉन-इमिग्रंट (कायमच्या वास्तव्याच्या नसलेल्या) व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे. शिकारीच्या लायसन्सचा एक अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर कुणी कमरेला पिस्तूल लावून फिरू नये. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. म्हणजे तुमचं ग्रीन कार्ड झालंय, बायको अजून एच-फोरवर आहे, तुम्ही पिस्तूल सीटखाली ठेवून विसरलात आणि ती ती गाडी घेऊन कॉस्टकोला गेली, वाटेत तिला थांबवलं. किंवा बाबांनी सहज पार्किंगमधून गाडी काढली. बाळगणं म्हणजे हातात असणंच लागतं असं नाही, गन तिथे आहे हे माहीत आहे आणि ती ताब्यात आहे एवढं पुरू शकतं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं, यात ग्रीन कार्डवालेही आले. त्यामुळे गाडीतून उतरलात की गन तुमच्याबरोबर उतरली पाहिजे, आणि घरी तिजोरीचा कोड ज्याला कायद्याने बंदूक बाळगता येते त्याच माणसाला माहीत हवा. घरात मिश्र व्हिसा असतील तर गन घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फी देऊन तासभर भेटा.

गांजाचंही तसंच. कोलोरॅडोत दुकानात मिळतो म्हणून त्याला मनाई करणारा केंद्रीय कायदा बदलत नाही. गाडीत वास आला आणि कमरेला गन, तर स्पीडिंगचं टिकट हा तुमचा सगळ्यात लहान प्रश्न उरेल.

शेवटी राज्याची सीमा. टेक्सासचं लायसन्स पुष्कळ राज्यांत चालतं पण नियम त्या राज्याचे लागतात. लुइझियाना, नॉर्थ कॅरोलायना, मिशिगन इथे पोलीस समोर आला की त्याने विचारायची वाट न बघता आपणहून सांगणं बंधनकारक आहे. ओहायोत आधी तसंच होतं, जून २०२२ पासून विचारल्यावर सांगायचं असं झालं. प्रवासाला निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम त्याच आठवड्यात बघा, मागच्या वर्षी वाचलेलं धरून चालू नका. आणि काही राज्यांत खरं सांगूनही उपयोग नसतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची शनीन ॲलन, दोन मुलांची आई, न्यू जर्सीत थांबवली गेली. तिने क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे लगेच सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि पेनसिल्व्हेनियाचं परमिट आहे. न्यू जर्सी ते परमिट मानत नाही. तिला अटक झाली, काही वर्षं सक्तीच्या तुरुंगवासाची वेळ आली होती, आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टींनी माफी दिली तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. टेक्सासचं लायसन्सही तिथे चालत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाईकांकडे गाडीने निघालात तर गन घरच्या तिजोरीत ठेवून जा. केंद्रीय कायद्यात प्रवासापुरतं एक संरक्षण आहे, १९८६ पासून: जिथून निघालात आणि जिथे पोचणार त्या दोन्ही ठिकाणी तुमचं बाळगणं कायदेशीर असेल, गन रिकामी असेल, गन आणि गोळ्या हाताशी नसतील, डिकीत असतील, आणि डिकीच नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटीत असतील, तर मधल्या राज्यातून जाता येतं. पण ते नुसतं पार होण्यासाठी आहे. युटाहच्या एका माणसाची २००५ मध्ये न्यू जर्सीतल्याच नेवार्कला पुढची फ्लाइट चुकली, बॅग हातात मिळाली, रात्री तो हॉटेलवर राहिला, सकाळी विमानतळावर त्याने स्वतःच गन जाहीर केली आणि त्याला अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्याने नुकसानभरपाईचा दावा केला तेव्हा २०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रात्रभर बॅग हाताशी होती, म्हणून हे संरक्षण त्याला लागू नाही.